कूटचलनाचे ॲप आणि नवखा गुंतवणूकदार

भारतात २०१६ साली यूपीआय ही देयकपद्धती सुरू झाली आणि त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत भाजीवाल्यापासून कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सर्वांना मोबाइल फोनच्या पडद्यावरून पैसे देण्याघेण्याचे वळण पडले. या सवयीच्या पोटात एक विश्वास दडलेला आहे. पैसे पाठविण्यापूर्वी ते कोणाला जाणार त्याचे नाव पडद्यावर दिसते. देणारा आणि घेणारा या दोघांच्याही पाठीशी बँक उभी असते. आणि काही चूक झालीच तर तक्रार कोठे करावयाची, हे ठरलेले असते. हाच मनुष्य जेव्हा क्रिप्टोकरन्सीच्या, म्हणजेच कूटचलनाच्या, गुंतवणुकीचे ॲप प्रथम उघडतो तेव्हा त्याला जवळजवळ तसाच पडदा दिसतो. तशीच बटणे, तशीच रकमेची चौकट आणि व्यवहार पुरा झाल्यावर तशीच हिरवी खूण. पडदा ओळखीचा असतो. पडद्यामागील व्यवस्था मात्र अगदी निराळी असते.

नवख्या माणसाला सोपे जाईल असे ॲप कसे रचावे, या प्रश्नाचा विचार या फरकापासूनच सुरू करावा लागतो. ॲप वापरताना येणाऱ्या अडचणी दोन प्रकारच्या असतात. शब्द परके असणे, आकडे समजेल अशा रीतीने न मांडणे, कागदपत्रे का मागितली हे न सांगणे, या अडचणी निरर्थक होत. त्या जितक्या दूर होतील तितके चांगले. दुसऱ्या अडचणी खुद्द वस्तूच्या स्वभावातून येतात. किंमत कोसळू शकते, पाठविलेले परत येत नाही, किल्ली हरवली तर दुसरी मिळत नाही. या अडचणी रचनाकाराला दूर करता येत नाहीत. फार तर झाकता येतात. पहिल्या प्रकारच्या अडचणी दूर करणे आणि दुसऱ्या प्रकारच्या अडचणी नवख्याच्या नजरेसमोर योग्य वेळी आणणे, हे रचनाकाराचे खरे काम होय. व्यवहारात बहुधा उलट घडते, आणि त्याला कारण आहे. बाजार चालविणाऱ्या संस्थेला प्रत्येक खरेदी-विक्रीमागे शुल्क मिळते. तेव्हा खरेदीचे बटण मोठे आणि सूचनेचे अक्षर बारीक होण्याकडे तिचा ओढा असणे स्वाभाविक आहे.

पडद्यामागील व्यवस्था

बिटकॉइन या पहिल्या यशस्वी कूटचलनाची कल्पना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मांडली गेली. निबंधावर सातोशी नाकामोतो असे नाव होते. ३ जानेवारी २००९ रोजी या चलनाच्या नोंदवहीचे पहिले पान लिहिले गेले. ही नोंदवही कोणत्याही एका बँकेच्या ताब्यात नसते. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात आणि नव्या नोंदीवर त्या सर्वांचे एकमत व्हावे लागते. एकूण बिटकॉइनांची संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाही, असा नियम या व्यवस्थेतच घालून दिलेला आहे.

रचनाकाराच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे, एकदा पक्की झालेली नोंद कोणीही खोडू शकत नाही. चुकून केलेली नोंदही नाही. दुसरी, मालकी सिद्ध होते ती केवळ एका गुप्त संख्येने, जिला खाजगी किल्ली म्हणतात. ती ज्याच्या हाती, माल त्याचा. तिसरी, कंपनीच्या समभागामागे कारखाना आणि नफा असतो, कर्जरोख्यामागे व्याज देण्याचे वचन असते. बिटकॉइनमागे असे कोणतेही उत्पन्न नाही. त्याची किंमत सर्वस्वी मागणीवर अवलंबून असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला सुमारे ६९,००० डॉलर पडत होते. बरोबर एक वर्षाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तेच १६,००० डॉलरच्या आसपास आले. म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक मूल्य गेले. पुढे किंमत पुन्हा चढली हे खरे. परंतु १०० रुपयांचे २५ झाल्यावर मूळ पदावर येण्यास ते चौपट व्हावे लागतात, हा हिशेब नवख्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

पहिला पडदा

ॲप उघडताच काय दिसावे? बहुतेक ठिकाणी चलनांची यादी, त्यापुढे किंमत आणि गेल्या चोवीस तासांतील चढउताराचा आकडा दिसतो. या मांडणीतून नवख्याच्या दोन गैरसमजुती होतात. बिटकॉइनची किंमत लाखो रुपयांत पाहून ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे त्याला वाटते. वस्तुतः एका बिटकॉइनचे १० कोटी भाग पडतात आणि त्यातील लहान हिस्साही विकत घेता येतो. उलटपक्षी, काही पैशांना मिळणारे चलन पाहून ते स्वस्त आहे, ते एक रुपयापर्यंत गेले तरी आपण श्रीमंत होऊ, असे त्याला वाटते. पण ज्या चलनाचे अब्जावधी नग बाजारात आहेत त्याच्या एका नगाची किंमत पैशांत असणारच. भाकरीचे शंभर तुकडे केले म्हणून भाकरी स्वस्त होत नाही. म्हणून नवख्यासाठी केलेल्या पडद्यावर एका नगाची किंमत दुय्यम ठेवून, "किती रुपयांचे घ्यावयाचे?" एवढेच विचारावे, आणि सर्व नगांचे मिळून एकूण मूल्य किती, हे शेजारी दाखवावे.

दुसरा प्रश्न शिलकीच्या आकड्याचा. खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांत नेहमीच अंतर असते. एखादे चलन १०१ रुपयांना घेतले आणि त्याच क्षणी विकावयास गेलो तर ९९ रुपयेच मिळतात, असे समजू. शुल्क त्याहून वेगळे. अशा वेळी ॲपने शिल्लक १०० रुपये दाखविली तर ती खोटी नसेल, परंतु निरुपयोगी खास आहे. "आत्ता विकल्यास आपल्या बँकखात्यात किती जमा होतील?" हा आकडा सर्वांत ठळक हवा. भाव, शुल्क आणि कर या तिन्हींची वजाबाकी करून आलेली रक्कम हेच सामान्य माणसाच्या मनातील धनाचे माप असते.

कराचा हिशेब

कराचा उल्लेख ओघाने आलाच. भारतात कूटचलनावरील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के आयकर लागू झाला. आणि १ जुलै २०२२ पासून, ठरावीक वार्षिक मर्यादेपलीकडील विक्रीच्या रकमेतून एक टक्का कर उगमस्थानी कापण्याची तरतूद अमलात आली. कायद्याच्या भाषेत या वस्तूला आभासी डिजिटल मालमत्ता म्हणतात. कर लावला म्हणून तिला चलनाचा दर्जा मिळाला असे मात्र नव्हे.

या तरतुदीतील सर्वांत अनपेक्षित भाग तोट्यासंबंधीचा आहे. समजा, एकाने दोन निरनिराळी कूटचलने प्रत्येकी १०,००० रुपयांना घेतली. पहिले १६,००० रुपयांना विकले, दुसरे ४,००० रुपयांना. घातले वीस हजार आणि हाती आले वीस हजार. तेव्हा नफा झालाच नाही, असे कोणीही म्हणेल. परंतु एका चलनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही आणि तो पुढील वर्षी ओढताही येत नाही. त्यामुळे पहिल्या चलनावरील ६,००० रुपये नफ्यावर १,८०० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकराचे ७२ रुपये, असे एकूण १,८७२ रुपये भरावे लागतात. काहीच न मिळविता कर भरावा लागण्याचा हा प्रकार विवरणपत्र भरताना कळण्यापेक्षा विक्रीचे बटण दाबण्यापूर्वीच कळावा, एवढी अपेक्षा ॲपकडून रास्त आहे.

उगमस्थानी कापलेल्या एक टक्क्याचेही तसेच. हा पैसा बुडत नाही. तो देय करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण जो मनुष्य वारंवार खरेदी-विक्री करतो त्याचे भांडवल मध्यंतरी अडकून पडते. भाव स्थिर राहिला असे गृहीत धरले आणि दर विक्रीला एक टक्का कापला जात असला, तर १०,००० रुपये पन्नास वेळा फिरविणाऱ्याच्या हाती सुमारे ६,०५० रुपयेच खेळते उरतात. नवख्याला हे एका छोट्या तक्त्यात दाखविता येते. असा तक्ता पाहणारे कमी वेळा बटण दाबतील हे उघड आहे. म्हणूनच तो पुष्कळदा दाखविला जात नाही.

घाईला आवर

बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या बाझेलस्थित संस्थेने २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९५ देशांत कूटचलनाची ॲप लोकांनी केव्हा घेतली, याची त्यात पाहणी होती. बिटकॉइनची किंमत चढली की नव्या वापरकर्त्यांची संख्या वाढते, असे आढळून आले. म्हणजेच बहुतेक लोक भाव वर असताना आत येतात. अशा वापरकर्त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना तोटाच झाला असावा, असा या अभ्यासाचा अंदाज होता. यावरून असे दिसते, की नवख्याचा पहिला शत्रू अज्ञान हा नसून घाई हा आहे.

घाई वाढविणारी साधने रचनाकाराच्या हातीच असतात. अमेरिकेत रॉबिनहूड या समभाग-व्यवहाराच्या ॲपमध्ये ग्राहकाने काही टप्पे गाठले की पडद्यावर रंगीबेरंगी कागदी चिटोरे उधळले जात. गुंतवणुकीला खेळाचे रूप दिले जाते, अशी टीका झाल्यावर मार्च २०२१ मध्ये ही उधळण बंद करण्यात आली. ब्रिटनमधील वित्तीय आचरण प्राधिकरणाने त्याहून पुढचे पाऊल उचलले. ८ ऑक्टोबर २०२३ पासून तेथे कूटचलन विकणाऱ्या संस्थांना प्रथमच येणाऱ्या ग्राहकासाठी २४ तासांचा विचारावधी ठेवणे, धोक्याची ठळक सूचना देणे आणि ही गुंतवणूक ग्राहकाला मानवेल की नाही हे प्रश्न विचारून तपासणे बंधनकारक झाले. मित्राला आणल्याबद्दल बक्षीस देण्यास बंदी घालण्यात आली. येथे विलंब हाच सुविधेचा भाग बनला आहे.

आपल्याकडेही याला समांतर उदाहरण आहे. म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक योजनेबरोबर सेबीच्या नियमानुसार जोखीममापकाचे चित्र छापावे लागते. मोटारीच्या वेगमापकासारखे हे अर्धवर्तुळ. त्याचा काटा जोखमीची पायरी दाखवितो. जानेवारी २०२१ पासून त्यात "अत्यंत उच्च" ही सहावी पायरी वाढविण्यात आली. अक्षरओळख बेताची असलेल्यालाही काटा कोणीकडे झुकला आहे हे कळते. कूटचलनाच्या ॲपने हे ओळखीचे चित्र वापरावे आणि काटा शेवटच्या पायरीवर ठेवावा. त्याबरोबर, "हे पैसे तुम्हाला येत्या वर्षात औषधपाणी, फी किंवा घरभाडे यांसाठी लागणार आहेत काय?" असा एक साधा प्रश्न खरेदीपूर्वी विचारला तर तो दहा पानी शर्तींपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शब्दांची निवड

पडद्यावरील शब्द हेही रचनेचेच अंग आहे, आणि भारतीय भाषांत त्याला विशेष महत्त्व आहे. "खाते", "ठेव", "व्याज", "बचत" हे शब्द उच्चारताच बँक किंवा टपालखाते डोळ्यांसमोर येते. बँकेतील ठेवीला ठेवविम्याचे संरक्षण असते; २०२० साली त्याची मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. कूटचलनाच्या शिलकीला असे कोणतेही संरक्षण नाही. तेव्हा शब्द उसना घेतला की विश्वासही उसना घेतला जातो. टेरायूएसडी नावाचे, डॉलरशी किंमत जोडलेले म्हणून ओळखले जाणारे चलन एका योजनेत गुंतविल्यास वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास परतावा मिळे. परतावा नियमित, म्हणून मुद्दलही सुरक्षित, असे अनेकांनी मानले. मे २०२२ मध्ये काही दिवसांतच हे चलन कोसळले.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने हा धोका ओळखला होता. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत, या वस्तूंच्या जाहिरातींत चलन, रोखे, अभिरक्षक यांचे वाचक इंग्रजी शब्द वापरू नयेत असे सांगितले आहे, कारण ग्राहक या शब्दांचा संबंध नियंत्रित व्यवहारांशी जोडतो. भाषांतर करणाऱ्यांनी हाच विवेक मराठी, तमिळ वा असमिया शब्द निवडताना बाळगला पाहिजे. इंग्रजी "वॉलेट"साठी "पाकीट" हा शब्द सहज सुचतो. परंतु या पाकिटात नाणी नसतात, असतात त्या किल्ल्या. "किल्ल्यांचा जुडगा" असे म्हटले तर वस्तुस्थिती एका शब्दात उकलते आणि तो कोणाच्या हाती देऊ नये, हे निराळे सांगावे लागत नाही. आकड्यांचेही असेच आहे. परदेशी धर्तीवर स्वल्पविराम दिलेली रक्कम वाचताना लाख आणि दशलक्ष यांत गोंधळ होतो; रकमा लाख-कोटींच्या रीतीनेच लिहिल्या पाहिजेत.

किल्ली कोणापाशी?

नवख्याला पडणारा सर्वांत कठीण प्रश्न हा, की विकत घेतलेले चलन ठेवावयाचे कोठे. बहुतेक ॲपमध्ये किल्ल्या बाजार चालविणाऱ्या संस्थेपाशीच असतात. हे सोयीचे असते. परंतु संस्था बुडाली वा लुटली गेली तर ग्राहक हताश होतो. टोकियोतील माउंट गॉक्स हा बाजार फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडाला तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ असल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी दोन लाख पुढे सापडले. एफटीएक्सने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आपल्या देशात १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सच्या ताब्यातील २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याची मालमत्ता चोरीस गेली. त्या साठ्याला अनेक स्वाक्षऱ्यांचे कुलूप होते, तरीही ते घडले. आणि ग्राहकांना आपले कूटचलन वर्षाहून अधिक काळ काढून घेता आले नाही. मार्च २०२३ पासून अशा संस्था काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या असून त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. पॅन आणि ओळखपत्र मागितले जाते ते यासाठी. पण ही नोंदणी गैरव्यवहार रोखण्यासाठी आहे. ती ग्राहकाच्या पैशाची हमी नव्हे. ॲपने नोंदणीचे बोधचिन्ह दाखविताना हा भेद त्याच जागी स्पष्ट केला पाहिजे.

दुसरा मार्ग किल्ली स्वतःपाशी ठेवण्याचा. २०१३ साली पुढे आलेल्या एका संकेतानुसार २,०४८ शब्दांच्या यादीतून निवडलेले १२ किंवा २४ शब्द क्रमवार लिहून ठेवले की त्यांवरून किल्ली पुन्हा तयार करता येते. या याद्या इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच आदी भाषांत आहेत. भारतीय भाषांपैकी एकही त्यांत नाही. ज्याला इंग्रजी शुद्धलेखनाची सवय नाही अशा माणसाने घाईत उतरविलेल्या बारा शब्दांत एका अक्षराची चूक झाली, तर कुटुंबाची शिल्लक कायमची बंद होऊ शकते. म्हणून ॲपने शब्द लिहून घेतल्यावर ते तपासून घ्यावेत. छायाचित्र काढू देऊ नये. आणि रक्कम लहान असतानाच एकदा पुनर्प्राप्तीचा सराव करवून घ्यावा. खातेदाराच्या पश्चात ही मालमत्ता कोणाला आणि कशी मिळावी, हेही पहिल्याच दिवशी विचारले पाहिजे. घरातील एकालाच मोबाइलचा व्यवहार कळतो, अशी कुटुंबे आपल्याकडे असंख्य आहेत.

चलन दुसरीकडे पाठविण्याचा पडदा सर्वांत सावकाश असावा. येथे यूपीआयप्रमाणे घेणाऱ्याचे नाव दिसत नाही. दिसते ती अक्षरे आणि अंक यांची लांबलचक माळ. जागा वाचविण्यासाठी पुष्कळ ॲप तिची पहिली आणि शेवटची चार-चार अक्षरेच दाखवितात. लबाड लोक याचाच फायदा घेऊन दोन्ही टोके जुळतील असे पत्ते तयार करतात आणि ते ग्राहकाच्या व्यवहारयादीत घुसडतात. यावर उपाय साधा आहे: संपूर्ण पत्ता चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवावा, पूर्वी वापरलेल्या पत्त्याला नाव देण्याची सोय करावी, आणि नव्या पत्त्यावर प्रथम लहानशी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करून घ्यावी.

परीक्षा कशी करावी

या विवेचनावरून वाचकाला कोणत्याही ॲपची परीक्षा घरबसल्या करता येईल. खरेदी करण्यास किती पडदे ओलांडावे लागतात आणि विकून पैसे बँकेत आणण्यास किती, हे मोजून पाहावे. शुल्क आणि कर बटण दाबण्यापूर्वी दिसतात की नंतर, हे पाहावे. किल्ली कोणापाशी आहे, या प्रश्नाचे उत्तर किती वेळात सापडते, हे पाहावे. काहीही विकत न घेता ॲप बंद करावयास गेल्यावर ते निमूटपणे बंद होते की बक्षिसाचे आमिष दाखविते, हेही पाहावे. ज्या ॲपमध्ये आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड असते ते नवख्यासाठी रचलेले नाही, असे खुशाल समजावे.

चांगले ॲप वापरून पाहणाऱ्यांपैकी काही जण सर्व वाचून झाल्यावर गुंतवणूक न करण्याचे ठरवितील. रचनाकाराच्या मालकाला ही हानी वाटेल. परंतु ज्याच्या गाठीशी मोजकीच पुंजी आहे त्याने समजूनउमजून घेतलेला नकाराचा निर्णय हाही रचना यशस्वी झाल्याचाच पुरावा मानला पाहिजे.